मनगटाचं हाड बसवूनही दहाव्या दिवशी सरकलं. प्लास्टर ठेवावं की प्लेट टाकावी?

कसबेकर_११

आई, वय ६२, उजवा हात, कामाचा हात तोच. मोरीतल्या ओल्या शहाबादी फरशीवर घसरून तळहात टेकला. मनगटापाशी रेडियस (कोपराखालचं अंगठ्याच्या बाजूचं हाड) मोडला, चीर सांध्यात गेलेली नाही, अल्नाचं (करंगळीच्या बाजूच्या हाडाचं) टोकही तुटलंय. जागा बधिर करून हाड बसवलं आणि कच्चं प्लास्टर (पूर्ण वेढा नसलेली पट्टी) घातलं. बसवल्यानंतरच्या एक्स-रेत सांध्याचा कल मागच्या, म्हणजे पंजाच्या पाठीच्या बाजूला ५ अंश होता. दहाव्या दिवशीच्या एक्स-रेत तो १८ अंश झालाय आणि रेडियस सुमारे ४ मिलिमीटर आखूड दिसतोय. बोटं हलतात, मुंग्या नाहीत, सूज बरीच उतरली आहे. मधुमेह आहे, गोळ्यांवर.

डॉक्टर प्लेट (हाडावर स्क्रूने बसवायची धातूची पट्टी) टाकू म्हणतात. घरात दोन तट आहेत: या वयात ऑपरेशन कशाला, हाड काय आपोआप जुळतंच, आणि दुसरा तट हाडवैद्याचा पत्ता खिशात घेऊन बसलाय. प्लास्टर नीट घातलं असतं तर हे टळलं असतं का? पुन्हा एकदा ओढून बसवता येईल का? तारा घालणं आणि प्लेट टाकणं यात नेमका फरक काय? आणि ठरवायला किती दिवस आहेत?

अस्थिरेषा

दिवसांचं आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यावर लटकलंय. आज दहावा दिवस असेल तर तीन-चार दिवसांत ठरवा. साधारण दोन आठवड्यांपर्यंत तुकडे मोकळे असतात. तिसऱ्या आठवड्यात मऊ नवीन हाड धरायला लागतं, तेव्हाही जमतं पण ते खरवडून काढावं लागतं. पाच-सहा आठवड्यांनंतर वाकडं जुळलेलं हाड सरळ करायचं म्हणजे ते कापून, फट पाडून, बहुतेक वेळा कमरेचं हाड भरून मग प्लेट. काम तेच, व्याप तिप्पट.

‘आपोआप जुळतंच’ हे खरं आहे. मनगटाचा हा भाग न जुळता राहणं फार क्वचित. प्रश्न जुळण्याचा नाहीच, कुठल्या आकारात जुळतं त्याचा आहे. निरोगी मनगटात रेडियसचा सांध्याचा पृष्ठभाग तळहाताकडे सुमारे ११ अंश झुकलेला असतो. तुमच्या आईचा उलट्या बाजूला १८ झालाय, म्हणजे मूळ जागेपासून २९ अंशांचा फरक. ‘फक्त १८’ असं वाचू नका. त्यात रेडियस ४ मिलिमीटर आखूड झाला की शेजारची अल्ना तेवढी पुढे येते, करंगळीच्या बाजूला टोचते आणि तळहात वर वळवायला त्रास होतो. जेवताना हे फारसं जाणवत नाही. ओंजळ धरताना, दुकानदाराकडून सुटे पैसे घेताना, ओलं धुणं पिळताना जाणवतं.

ढोबळ मर्यादा अशी धरतात: कल मागे १० अंशांपेक्षा जास्त, आखूडपणा ३ मिलिमीटरपेक्षा जास्त, किंवा सांध्यात २ मिलिमीटरपेक्षा मोठी पायरी. यातलं काही राहिलं तर ६५ च्या आतल्या हिंडत्या-फिरत्या माणसाला शस्त्रक्रिया सुचवतात. आईंच्या बाबतीत पहिल्या दोन्ही ओलांडल्या आहेत. ६५ च्या पुढे मात्र वर्षाभरानंतर रुग्ण स्वतः हाताबद्दल जे सांगतात त्यात प्लास्टरवाले आणि प्लेटवाले यांत मोठा फरक दिसत नाही. डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलिस यांनी या फ्रॅक्चरचं वर्णन १८१४ मध्ये केलं, एक्स-रेचा शोध लागण्याच्या ८१ वर्षं आधी. त्यांनीही हेच लिहून ठेवलंय की व्यंग आयुष्यभर राहील, पण हात कालांतराने मोकळा चालेल. म्हणून घरातल्या पहिल्या तटाला अगदीच वेड्यात काढू नका. ६२ हे वय बरोब्बर कुंपणावरचं आहे. जन्मतारीख बाजूला ठेवा आणि त्या हाताला रोज काय करावं लागतं ते पाहा. स्वयंपाक, धुणं, स्कूटर, शिवणकाम असेल तर मी प्लेटच्या बाजूने. एकटं घराबाहेर पडणं आधीच बंद असतं, हृदयाचा मोठा आजार असता, तर प्लास्टरच म्हटलं असतं.

पुन्हा ओढून बसवणं: नको. पडताना मागच्या बाजूचं हाड चिरडलं जातं. ओढून आकार परत येतो पण आत पोकळी राहते, आणि त्या पोकळीत तुकडा परत बसतो. एकदा सरकलेलं दुसऱ्यांदा सरकायला आणखी तयार असतं.

तारा की प्लेट. तारा म्हणजे १.६ मिलिमीटरच्या दोन-तीन सळया कातडीतून हाडात घालतात, टोकं बाहेर वाकवून ठेवतात, प्लास्टर वर असतंच. चार ते सहा आठवड्यांनी बाह्यरुग्ण विभागातच पक्कडीने ओढून काढतात. स्वस्त, चिरा नाही. ब्रिटनमध्ये ४६१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत वर्षाभरानंतर तारा आणि प्लेट सारख्याच ठरल्या. पण तो अभ्यास बाहेरून ओढून हाड जागेवर येतं अशांपुरताच होता. दहा-बारा दिवसांनी ते येईलच असं नाही. शिवाय ठिसूळ हाडात तार सैल होते आणि मधुमेहात तारेच्या भोकाशी पू होण्याची धास्ती जास्त. इथे प्लेट सरस, असं माझं मत.

प्लेट तळहाताच्या बाजूने, सहा-आठ सेंटिमीटरच्या चिऱ्यातून टाकतात. तिच्या स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात. ते प्लेटमध्येच घट्ट बसतात, त्यामुळे हाड भुसभुशीत असलं तरी सगळा सांगाडा एकजीव राहतो. बिघडतं कुठे ते ऐका. प्लेट फार पुढे, सांध्याच्या काठावर बसली तर अंगठा वाकवणारी शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी दोरी, टेंडन) तिच्या कडेवर घासून काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी तुटते. स्क्रू लांब पडून पाठीमागे डोकावला तर बोटं उचलणाऱ्या शिरा कापल्या जातात. म्हणून अनुभवी सर्जन सांध्याजवळचे स्क्रू मागच्या कडेपेक्षा दोनेक मिलिमीटर आखूडच ठेवतात आणि टेबलावरच तिरप्या कोनातून पडद्यावर बघून घेतात. ऑपरेशननंतरचे एक्स-रे मागून घ्या आणि ‘स्क्रू मागे किंवा सांध्यात नाहीत ना’ एवढं विचारा. प्रश्न रास्त आहे, कोणी रागावणार नाही.

पीओपी_टेबल

प्लास्टरचा दोष किती, यावर. चांगलं घातलेलंही सरकतं. ब्रिटनमध्येच ५०० रुग्णांवर दुसरा अभ्यास झाला, २०२२ चा, त्यात नीट आकार देऊन घातलेल्या प्लास्टरवाल्यांपैकी साधारण आठात एकाला सहा आठवड्यांच्या आत ऑपरेशन लागलं. उरलेले सात प्लास्टरवर निभावले, हेही तितकंच खरं. कोणाचं सरकेल याचा अंदाज आधी बांधता येतो: पहिल्या एक्स-रेत कल २० अंशांहून जास्त, मागचं हाड चुरलेलं, चीर सांध्यात, अल्नाही मोडलेली, वय ६० च्या वर. यातल्या तीन गोष्टी जमल्या की दर आठवड्याला एक्स-रे हवाच, निदान पहिले तीन आठवडे. तुमच्याकडे दोन तर उघड दिसतायत. सूज उतरली की आठव्या-दहाव्या दिवशी कच्चं प्लास्टर आत खुळखुळायला लागतं, आणि नेमकं तेव्हाच ते कोणी बघत नाही.

प्लास्टर म्हणजे दगडी कवच नव्हे. हाड धरतो तो तीन जागी दिलेला दाब: मोडलेल्या जागेच्या पुढे मागून, तिच्यामागे तळहाताच्या बाजूने, आणि कोपराकडे परत मागून. आडवा छेद चपटा, लंबगोल दिसला पाहिजे. नळकांड्यासारखं गोल प्लास्टर दिसायला देखणं, आत हात मोकळा फिरतो.

जे अजून कच्च्या प्लास्टरवर आहेत त्यांच्यासाठी. पट्टीची लांबी चांगल्या हातावर मोजायची. हाताला आठ ते दहा थर पुरतात. खाली कापूस दोनच पदर, प्रत्येक फेरा आधीच्या अर्ध्यावर. जास्त कापूस म्हणजे माया नव्हे, ढिलाई. पाणी साधं नळाचं. कोमट पाण्यात लवकर धरतं म्हणून काही जण घाई करतात, पण जिप्सम धरताना स्वतःच तापतं, वर गरम पाणी आणि जाड थर असले की कातडी भाजते. बुडबुडे थांबले की काढायचं, हलकं दाबायचं, पिळायचं नाही. पाच-आठ मिनिटांत कडक वाटतं, पण पूर्ण वाळायला दीड-दोन दिवस लागतात, पुण्याच्या जुलैमध्ये त्याहून जास्त. तोवर उशीवर उघडं ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं ओलं प्लास्टर आतून वाफाळतं.

तळहाताकडची कड हाताच्या आडव्या रेषेच्या अलीकडे संपली पाहिजे. बोटांची मुळं पूर्ण वाकली पाहिजेत. मूठ वळत नसेल तर ती कड कापून घ्या, त्याच दिवशी. सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच, आणि नंतर फिजिओकडे सहा महिने जातात ते हिच्यापायी. दुसरी जुनी चूक म्हणजे मनगट खाली पूर्ण वाकवून बांधणं. हाड धरून ठेवल्यासारखं वाटतं, पण मधल्या नसेवर दाब येतो, अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात.

आणि पडल्या पडल्या अंगठी, बांगड्या, पाटल्या उतरवा. एक्स-रेच्या रांगेत नाही, घरीच, साबण लावून. तासाभराने कटर लागतो.

निवांत_नारायणपेठ

एवढं सगळं वाचून दमलो. हाडवैद्य बांबूच्या पट्ट्या लावून तीन आठवड्यांत मोकळं करतात आणि लोक बरेही होतात, त्याचं काय?

अस्थिरेषा

बरे होतात, कारण न सरकलेलं फ्रॅक्चर कोणीही काहीही बांधलं तरी जुळतं. सगळी कीर्ती त्या केसेसवर उभी आहे. अडचण पट्टीची नाही, ती ताज्या सुजेवर आवळून बांधण्याची आहे. पुढच्या काही तासांत सूज वाढते, पट्टी वाढत नाही, आतल्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. सहाएक तासांत स्नायू मरायला लागतो आणि मग बोटं कायमची आखडून पंजा गरुडाच्या नखांसारखा होतो. जर्मन सर्जन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये आवळपट्ट्यांमुळे होणाऱ्या याच प्रकाराचं वर्णन केलं होतं. लहान मुलांत, कोपराच्या नाहीतर कोपराखालच्या फ्रॅक्चरमध्ये हे जास्त घडतं.

खूण पाठ करून ठेवा, डॉक्टरांच्या प्लास्टरलाही तीच लागू: गोळीला न जुमानणारं, वाढत जाणारं दुखणं, आणि दुसऱ्याने बोट हळूच सरळ केलं तरी किंचाळायला लावणारी कळ. नाडी लागतेय म्हणून निश्चिंत राहू नका, ती शेवटपर्यंत लागू शकते. बोटं निळी पडण्याची वाट तर अजिबात नको. अशा वेळी रात्रीचे दोन असले तरी ससूनसारख्या चोवीस तास चालणाऱ्या आपत्कालीन विभागात जायचं, आणि प्लास्टर कातडी दिसेपर्यंत उघडायचं, आतल्या कापसासकट. रक्ताने भिजून वाळलेला कापूस दोरीसारखा आवळतो. नुसतं वरचं कवच फोडून परत पाठवलं तर काम अर्धंच झालं.

टेकडी_रोज

थोडं वेगळं, पण मनगटाचंच. २४ वर्षांचा मुलगा, सिंहगडावर पावसात घसरला, हात टेकला. एक्स-रे ‘नॉर्मल’, क्रेप बँडेज बांधून पाठवलं. आठवडा झाला, अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. थांबावं का?

अस्थिरेषा

क्रेपवर थांबू नका. अंगठा ताणून वर केला की मनगटाच्या बाजूला दोन शिरांमध्ये खळगा पडतो. जुन्या वाड्यांतले आजोबा तिथेच तपकिरीची चिमूट ठेवत, शरीरशास्त्रातही त्याचं नाव तपकिरीच्या डबीवरूनच पडलंय. त्या खळग्यात बोटाने दाबून दुखलं, किंवा अंगठा मनगटाच्या दिशेने रेटून दुखलं, तर स्कॅफॉइड (अंगठ्याच्या मुळाशी असलेलं मनगटाचं छोटं हाड) मोडला असं धरूनच चालायचं, एक्स-रे काहीही म्हणो. पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत ही बारीक चीर बऱ्याचदा दिसत नाही. प्लास्टर किंवा स्प्लिंट घालून १० ते १४ दिवसांनी स्कॅफॉइडच्या खास कोनांतून पुन्हा एक्स-रे, नाहीतर सरळ एमआरआय.

इतकी कडक भूमिका का, तर या काजूएवढ्या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून शिरतं आणि उलट मनगटाकडे वाहतं. या हाडाच्या मधल्या भागात, म्हणजे त्याच्या ‘कंबरेत’ मोडलं की मागचा, कोपराकडचा तुकडा रक्ताविना उपाशी राहतो. हे हाड न जुळता राहिलं की पाच-दहा वर्षांत मनगट झिजतं, तेही ऐन तिशीत. न सरकलेलं असेल तर आठ ते बारा आठवडे प्लास्टर. सरकलेलं असेल किंवा मागच्या टोकाशी मोडलं असेल तर स्क्रू.

हालचाल_मॅडम

कसबेकर, प्लेट होवो न होवो, बोटांचं आजपासून. जागं असेपर्यंत दर तासाला दहा वेळा: बोटं ताठ, नुसती टोकं वाकवून आकडा, मुळातून वाकवून टेबलाचा कोपरा, पूर्ण मूठ, बोटं फाकवून मिटणं, अंगठ्याने चारही टोकं शिवणं. खांदा दिवसातून तीनदा कानापर्यंत वर. झोळी फक्त बाहेर जाताना. घरात दिवसभर झोळीत हात अडकवून ठेवला की मनगट बरं होतं आणि खांदा धरतो, मधुमेहींचा तर हमखास. बसल्यावर पंजा छातीच्या वर, दोन उशांवर.

प्लेट झाली तर टाके काढताना, दहा-चौदा दिवसांनी, मनगटाची हालचाल सुरू करतात. काढता येणारा पट्टा मध्ये घालायला देतात. प्लास्टरवर राहिलात तर पाच-सहा आठवड्यांनंतर. कोमट पाण्यात दहा मिनिटं हात, मग तळहात वर-खाली वळवण्यासाठी लाटणं एका टोकाला धरा, कोपर कमरेला चिकटवून. लाटण्याचं वजन हळूहळू हात वळवतं. कोपर सुटलं की खांदाच फिरतो आणि हात वळल्याचा भास होतो. पकडीला कणकेचा मऊ गोळा पुरतो, महागडे चेंडू नकोत. दुखणं अर्ध्या तासात शमलं तर प्रमाण बरोबर, रात्रभर ठणकलं तर निम्मं करा.

मालीशवाल्या मावशींना तेल लावून जोराने मनगट ‘मोकळं’ करू देऊ नका. जोरात ओढलं की सूज वाढते आणि हात अजून आखडतो. कुकरचं झाकण, भरलेली बादली, धुणं पिळणं आठ-दहा आठवड्यांनी, हाड जुळल्याचं एक्स-रेत बघून. जमिनीवरून उठताना तळहातावर भार साधारण तीन महिन्यांनी. स्कूटर तेव्हाच, जेव्हा पुढचा ब्रेक दचकून पूर्ण दाबला तरी मनगटात कळ येणार नाही. पकडीचा जोर परत यायला सहा महिने ते वर्ष.

दोन गोष्टींवर लक्ष. पंजा चकचकीत सुजलेला, जळजळ, रंग आणि उष्णता बदलणं, स्पर्शही नकोसा होणं हे दिसलं तर ‘होईल बरं’ म्हणून महिना घालवू नका. तो वेगळा विकार आहे आणि सुरुवातीलाच आटोक्यात येतो. दुसरं, पंजा टेबलावर सपाट ठेवून अंगठा वर उचलता येतोय का ते आठवड्यातून एकदा बघा. अंगठा उचलणारी शीर काही आठवड्यांनी न दुखता तुटू शकते, आणि गंमत म्हणजे ती न सरकलेल्या फ्रॅक्चरमध्येही तुटते. उपाय आहे, तर्जनीची जादा शीर तिथे जोडतात, पण लक्षात यायला हवं.

कसबेकर_११

खूप आभार. प्लेटकडेच कल झालाय. मधुमेहाच्या गोळ्यांत डॅपाग्लिफ्लोझिन आहे, त्याचं काही? पूर्ण भूल लागते का? आणि डिंकाचे लाडू सुरू झालेत.

अस्थिरेषा

डॅपाग्लिफ्लोझिनचं भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. ती शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी बंद करतात, कारण उपाशीपोटी साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं. म्हणजे तुमच्या तीन-चार दिवसांतला पहिला फोन त्यासाठीच. गोळी परस्पर बंद करू नका, बदली काय द्यायचं ते फिजिशियन सांगतील. अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं काही असेल तर तेही. पूर्ण भूल सहसा लागत नाही, काखेत किंवा गळपट्टीच्या हाडाशी इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर करतात. तो दहा-बारा तास लोंबतो, तेवढा वेळ गरम चहाचा कप त्या हाताजवळ नको.

लाडू खाऊ द्या, पण साखर सांभाळून, आणि त्यांच्यावर विसंबू नका. या वयात उभ्याने पडून मनगट मोडलं म्हणजे हाडं विरळ झाली असण्याची शक्यता आहे, आणि पुढचा नंबर खुब्याचा लागू शकतो. खुबा आणि मणक्याची डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी करून घ्या. तिच्यातला घनतेचा आकडा, टी-स्कोअर, उणे २.५ किंवा त्याखाली आला तर औषध लागतं. कॅल्शियम रोज १,२०० मिलिग्रॅमच्या आसपास हवं: १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५०, पेलाभर दुधात ३००, उरलेलं गोळीने. थायरॉईडची गोळी असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक असते. रोज एक समजून घेणारे दर महिन्याला भेटतात, आणि मग कॅल्शियम वाढून उलट्या होत दाखल होतात.

पीओपी_टेबल

जाताना पहिल्या दिवसाचा, हाड बसवण्यापूर्वीचा एक्स-रे शोधून न्या. लोक फक्त शेवटचा नेतात. सर्जनला कळायचं असतं ते पहिल्यात: मागचं हाड किती चुरलंय. मोबाइलवरचा ट्यूबलाइटसमोर काढलेला फोटो चालत नाही, फिल्म किंवा सीडी हवी. जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतलं रुग्णालय असेल तर दाखल होण्यापूर्वीच तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) पॅकेजचं विचारा, नंतर नाही. आणि प्लेट-स्क्रूच्या पाकिटावरचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवून घ्या. पुढे कधी प्लेट काढायची वेळ आली तर कुठल्या कंपनीचा स्क्रू ड्रायव्हर लागतो ते त्यावरूनच कळतं.